पृथ्वीचं बारसं आणि न सापडणारी आत्या

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुतणीनं शाळेतून एक कागद आणला. विज्ञान दिनाचा उपक्रम होता: 'आपल्या ग्रहाला अधिक आकर्षक नाव सुचवा आणि कारण लिहा.' खाली दहा रेघा. पोरगी सातवीत आहे. पहिल्या रेघेवर तिनं 'ब्लू स्टार' लिहून स्वतःच खोडलं होतं, कारण आपण ताऱ्यावर राहत नाही एवढं तिला कळतं. दुसऱ्या रेघेवर 'जलपरी' होतं, तेही खोडलेलं.

"काका, पृथ्वी हे नाव बोअर आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत ओट्यापाशी भाकरी थापणारी आज्जी बोलली, "नाव बदलत्यात ते लग्नात. भुईचं काय लगीन ठरलंय व्हय?"

उपक्रम तिथंच संपला असता तरी चाललं असतं. पण सध्या दिवसच नामांतराचे आहेत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. आमच्याकडे शिवाजी विद्यापीठाच्या नावात भर घालायची की आहे तेच ठेवायचं, यावरून कोल्हापूर पेटून उठलेलं सगळ्यांनी पाहिलंय. मग अख्ख्या ग्रहाचं नाव बदलता येईल का, कोण बदलेल आणि मुळात हे नाव पडलं कसं, हे विचारायला काय हरकत आहे?

इंग्रजी बोलणाऱ्यांची यावर जुनी तक्रार आहे. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी या सगळ्यांना तिकडे रोमन देवांची नावं. आणि आपल्या ग्रहाला? 'अर्थ' (Earth), म्हणजे जुन्या इंग्रजीत जमीन, माती. बाकीच्यांना जरीचे फेटे आणि आपल्याला पंचा, असं त्यांना वाटतं. ही तक्रार मराठीला कितपत लागू पडते ते पुढे बघू. आधी मातीचं नाव का पडलं ते.

यादीत पृथ्वी नव्हतीच

नवग्रह बोटांवर मोजा. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. नऊ पुरे झाले आणि पृथ्वीचा पत्ता नाही. ही विसरभोळेपणाची गोष्ट नव्हे. ग्रह म्हणजे आकाशात ताऱ्यांमधून जागा बदलत जाणारा. ग्रीकांचाही शब्द तोच अर्थ सांगतो. 'प्लॅनेट' म्हणजे भटक्या. भटके वर होते, बघणारे खाली होते. पायाखालची जमीन त्या यादीत घालायचं कुणाच्या मनात येणार? गच्चीवर उभं राहून आजूबाजूची घरं मोजताना आपण उभे आहोत ते घर मोजायचं राहतं, तसंच.

१५४३ साली कोपर्निकसचं पुस्तक छापलं गेलं. सूर्य मधोमध आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरणाऱ्यांपैकी एक, ही मांडणी त्यात होती. ती पचायला युरोपला पुढची शंभरेक वर्षं लागली. म्हणजे पृथ्वीला ग्रहपद मिळून पाचशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत आणि तिचं नाव मात्र हजारो वर्षांचं. नाव ठेवलं तेव्हा ते ग्रहाचं नाव नव्हतंच. ते शेताचं, वाटेचं, अंगणाचं नाव होतं, आणि ग्रहपद नंतर त्याला येऊन चिकटलं.

कोल्हापुरात 'कोल्हापुरी' कोण म्हणतं?

आमच्याकडे सकाळी माणूस मिसळ खायला जातो, कोल्हापुरी मिसळ खायला जात नाही. 'कोल्हापुरी' ही पाटी पुण्या-मुंबईत दिसते. पायातलं ते पायताण; त्याची कोल्हापुरी चप्पल होते ती बाहेरगावच्या दुकानात. ('व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी तर कोल्हापूरच्या कुठल्याच घरात शिजत नाही, तो वेगळा विषय.) वेगळं नाव लागतं ते दुसऱ्यापासून ओळखून काढायला. दुसरा समोरच नसेल तर नाव कशाला?

म्हणून जगभर हेच झालेलं दिसतं. लॅटिनमधला 'टेरा' म्हणजे जमीन. अरबीतला 'दुन्या', आपली 'दुनिया', मूळ अर्थानं जवळचं, अलीकडचं जग. चिनी लोक आज पृथ्वीला 'दीच्यू' म्हणतात, म्हणजे जमिनीचा गोळा. हसू नका, आपणही तेच म्हणतो. भू अधिक गोल, भूगोल. चौथी-पाचवीतली पोरं या विषयाचं नाव घेताना पृथ्वी गोल असल्याचं एका शब्दात सांगून मोकळी होतात आणि मग पहिल्याच धड्यात तेच परत शिकतात.

चंद्राची गंमत उलटी. तो एकच होता म्हणून त्याचं नाव पुरेसं होतं. दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे ठिपके दिसले आणि आपण त्यांनाही चंद्र म्हणू लागलो. व्याकरणाच्या तासाला शिकवतात ना, विशेषनामाचं सामान्यनाम होतं, ते हे.

'पृथ्वी' तरी काय आहे?

आता मराठीकडे वळू. पृथु म्हणजे रुंद, विस्तीर्ण. पृथ्वी म्हणजे पसरलेली. पुराणात आणखी एक गोष्ट आहे. वेन राजाच्या काळात दुष्काळ पडला, पृथ्वीनं धान्य पोटात दडवलं. वेनाचा मुलगा पृथू धनुष्य घेऊन मागे लागला. ती गाय होऊन पळाली आणि शेवटी म्हणाली, मला वासरू आण, मग दूध देते. त्या दुधातून धान्य परत आलं. पृथूची म्हणून पृथ्वी.

ही गोष्ट पुतणीला मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सांगितली. तिथं म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ, कोमट दुधाचा ग्लास थेट हातात येतो. तिनं ओठावरचा फेस पुसला आणि विचारलं, "गायच का? म्हैस का नाही?" कोल्हापूरच्या पोरीला पडणारच असा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे एकच नाव असतं तर गोष्ट वेगळी. अमरकोश हा संस्कृतातला समानार्थी शब्दांचा जुना कोश. त्याच्या भूमिवर्गात पृथ्वीची पंचवीसहून जास्त नावं सलग दिली आहेत. वसुधा, वसुंधरा, वसुमती: संपत्ती पोटात ठेवणारी. सर्वंसहा: सगळं सोसणारी. विश्वंभरा: सगळ्यांचं पोट भरणारी. काश्यपी: परशुरामानं जिंकून कश्यपाला दान केलेली. मेदिनी हे तर अंगावर काटा आणणारं नाव आहे; मधू-कैटभ या राक्षसांच्या चरबीनं, मेदानं माखली म्हणून मेदिनी. आणि आपण हे नाव भूमिपूजनाच्या भाषणात बिनधास्त वापरतो.

तेव्हा तक्रार इंग्रजांची खरी असली तरी आपली नाही. आपली पृथ्वी देवी आहे, गाय आहे, दानात दिलेली जमीन आहे. शेतकरी काळी आई म्हणतो ती वेगळीच. नावांचा दुष्काळ आपल्याकडे नाही, उलट कपाटात इतक्या साड्या आहेत की नेसायची कुठली हा प्रश्न.

दोन नावं मात्र आता खोटी पडली आहेत

त्याच यादीत अचला आहे आणि स्थिरा आहे. न हलणारी. ही नावं ठेवणाऱ्यांचा दोष नाही. आपल्याला आजही ती हललेली जाणवत नाही. पण हिशेब असा आहे. कोल्हापूरच्या अक्षांशावर उभा असलेला माणूस पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललेला असतो. त्याशिवाय पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. म्हणजे कोल्हापूर ते पुणे एवढं अंतर साधारण आठ सेकंदांत. हायवेचं काम चालू असलं तरी.

आर्यभटानं ४९९ साली लिहिलेल्या ग्रंथात याचं उदाहरण दिलंय. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरची न हलणारी झाडं मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे तो स्वतःभोवती फिरण्याबद्दल बोलत होता. लोकांनी नाव मात्र अचलाच ठेवलं.

फिरणं डोळ्यांना दिसत नाही असं कोण म्हणतं? आमच्या गावात ते वर्षातून दोनदा दिसतं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतात. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी वर, तिसऱ्या दिवशी मुखावर, ढग आडवे आले नाहीत तर.

तारखा नीट बघा. सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो तो २१ डिसेंबरच्या आसपास. नोव्हेंबरच्या तारखा त्याच्या साधारण सहा आठवडे आधीच्या, फेब्रुवारीच्या तितक्याच नंतरच्या. जाताना सूर्य ज्या जागेवरून गेला, परत येताना त्याच जागेवरून येतो. खरं तर सूर्य कुठं जात-येत नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि त्या कललेल्या अवस्थेतच ती सूर्याला फेरी घालते, म्हणून मावळतीची जागा सरकते. देऊळ बांधणाऱ्यांनी ते सरकणं दगडात पकडलं. यंदा १ तारखेला आम्ही आवारातल्या गर्दीत उभे होतो. पिवळी पट्टी चांदीच्या उंबऱ्यावर आली तेव्हा शेजारचे आजोबा हात जोडून पुटपुटले, "आली, आली." पुतणी माझ्या कानात म्हणाली, "काका, ती नाही आली, आपण फिरलो."

'जल' असं नाव का नको?

ही सूचना सगळ्यात जास्त वेळा येते आणि वरवर पटते. पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याखाली. मग मातीचं नाव कशाला, पाण्याचं ठेवा.

पण वरवर हाच शब्द महत्त्वाचा. पावसाळ्यात शाहू स्टेडियमवर भिजलेला फुटबॉल आठवा. पृथ्वी त्या फुटबॉलएवढी केली तर समुद्राच्या सरासरी खोलीचा, म्हणजे ३.७ किलोमीटरचा, थर होतो मिलिमीटरच्या सहा-सात शतांश. वहीच्या कागदापेक्षा पातळ. एव्हरेस्टसुद्धा जेमतेम दोन पानं एकावर एक ठेवल्याएवढं वर येतं. भिजलेल्या फुटबॉलला कुणी पाणी म्हणत नाही.

वजनाच्या हिशेबानं नाव ठेवायचं तर पृथ्वीचं सुमारे एक तृतीयांश वजन लोखंडाचं आहे, बहुतेक सगळं पोटात, गाभ्यात. पाण्याचा वाटा चार हजारात एक भाग. त्यामुळे खरं नाव 'लोखंडी' पडेल. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांना ते आवडेल. बाकीच्यांना कढईची आठवण येईल.

आणि मातीचं नाव? ते तर पाण्याहूनही वरवरचं. पिकं उगवतात तो थर बहुतेक ठिकाणी मीटर-दोन मीटरचा. पण तो आपल्या पायाला लागतो.

पृथ्वीची आत्या कोण?

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. कानात कुर्रर्र करून ती नाव सांगते आणि मग बायका पाठीत धपाटे घालतात. शहराचं नाव बदलायचं तर आत्या ठरलेली आहे: राज्य सरकार प्रस्ताव करतं, केंद्राचं गृहखातं ना-हरकत देतं. ग्रहगोलांसाठी जवळची अशी एकच संस्था आहे, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ. स्थापना १९१९, कचेरी पॅरिसला. पुढे नुसतं संघ म्हणतो, आणि कोल्हापूरकरांनी गैरसमज करून घेऊ नये.

हा संघ बरंच काही करतो. चंद्रयान-३ जिथं उतरलं त्या जागेचं 'शिवशक्ती' हे नाव त्यानं मार्च २०२४ मध्ये मान्य केलं. शुक्रावरच्या खड्ड्यांना स्त्रियांचीच नावं द्यायची हा त्याचा नियम. त्यातल्या एकाचं नाव आहे 'जोशी', आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींवरून. लघुग्रहांसाठी नियम आणखी कडक आहेत. नाव १६ अक्षरांच्या आत हवं, उच्चारता यायला हवं, कुणाचा अपमान नको, आणि राजकारणी किंवा लष्करी व्यक्ती असेल तर तिच्या मृत्यूला शंभर वर्षं होऊन गेलेली हवीत. हा शेवटचा नियम मला फार आवडला. आपल्याकडच्या चौकांना लावला तर निम्म्या पाट्या उतरवाव्या लागतील.

पण पृथ्वीचं नाव त्या संघानं ठेवलेलं नाही. बुधापासून शनीपर्यंत कुणाचंच नाही. ती लोकांच्या तोंडून आलेली नावं आहेत, प्रत्येक भाषेत वेगळी, आणि सगळ्या भाषांना एकदम हुकूम सोडील असं कार्यालय जगात नाही. आत्या नाहीच. फार तर इंग्रजीत लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढा एवढं संघ सुचवतो. ती सोय देवनागरीत कुठली?

'पण जोर लावला तर होईल की!'

जोर लावून पाहिलेला आहे. १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेलनं इंग्लंडमधल्या बाथ गावी घरामागच्या बागेतून एक नवा ग्रह पाहिला. दुर्बिणीतून सापडलेला हा पहिलाच. हर्शेलनं त्याला राजा तिसरा जॉर्ज याचं नाव दिलं, 'जॉर्जचा तारा'. राजा खूश झाला, वर्षासन बांधून दिलं. इंग्लंडबाहेर मात्र ते नाव कुणी तोंडात घेईना. दुसऱ्याच्या राजाचं नाव कोण घेणार? फ्रान्समध्ये काही जण शोधणाऱ्याचंच नाव वापरू लागले. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बोडेनं सुचवलं, शनीचा बाप म्हणून युरेनस. शेवटी तेच टिकलं. इंग्लंडचं सरकारी पंचांग १८५० पर्यंत जॉर्जला धरून होतं, मग त्यानंही सोडलं.

आणि मराठी पंचांग उघडा. त्यात युरेनस नाही, हर्षल आहे. हिंदीवाले त्याला अरुण म्हणतात. आपण मात्र त्या हर्शेलचं मराठी बारसं करून टाकलं. ज्याला स्वतःचं नाव द्यायचंच नव्हतं त्याचं नाव इथं पत्रिकेत जाऊन बसलंय.

आमच्या रेल्वे स्टेशनचं नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. शाहू महाराजांबद्दल इथं कुणाच्या मनात काडीचा किंतु नाही. तरी रिक्षावाल्याला आपण 'स्टेशन' एवढंच सांगतो. देवळाला बाहेरगावचे भाविक महालक्ष्मी म्हणतात, गाडीही महालक्ष्मी एक्सप्रेस. गावातला माणूस अंबाबाईच म्हणतो. पाटी एक सांगते आणि तोंड दुसरंच.

बाहेरच्यानं नाव ठेवलं तर?

इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. त्यांची नोंद करायची पद्धत रुक्ष आहे. ताऱ्याचं नाव, पुढे इंग्रजी अक्षर. पहिला ग्रह सापडला की बी, मग सी, मग डी. एकदम सापडले तर ताऱ्याजवळच्यापासून सुरुवात. त्या हिशेबानं कुणी दुरून आपली सगळी सूर्यमाला एकदम पाहिली तर बुध होईल सूर्य-बी, शुक्र सूर्य-सी आणि आपण सूर्य-डी. गुरू सगळ्यात मोठा, तो आधी दिसला तर आपला नंबर आणखी मागे.

अशा एका बाह्यग्रहाचं नाव भारतानं ठेवलेलं आहे. २०१९ मध्ये संघानं देशोदेशीच्या लोकांकडून नावं मागवली. आपल्या वाट्याच्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरींवरून 'बिभा' हे नाव मिळालं आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस', म्हणजे संस्कृतात चहूकडे पसरलेला दाट अंधार. तिथं कुणी राहत असेल तर त्यालाही स्वतःच्या जमिनीसाठी एखादा साधाच शब्द असणार, आणि आपण अंधार म्हणतोय हे त्याच्या गावीही नसेल.

पुतणीनं कागद दिला तो शेवटच्या दिवशी. दहा रेघांतल्या आठ खोडलेल्या. वसुंधरा खोडलं, कारण वर्गात त्या नावाची मुलगी आहे. अचला खोडलं, कारण खोटं आहे. नवव्या रेघेवर लिहिलं होतं: 'भिंगरी'. कारण: 'ती स्वतःभोवती फिरते आणि पायाला भिंगरी लागल्यासारखी सूर्याभोवती पण फिरते. आणि ग्रह म्हणजे भटक्या.'

मी वाचून दाखवलं. आज्जीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"भिंगरी चांगलं हाय," ती म्हणाली. "कागदावर असू दे. हाक मारायला भुईच बरी. हो बाजूला, पीठ सांडतंय तुझ्या अंगावर."